जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या ब्रेकपर्यंत हवा कशी पोहोचवावी

गाडीच्या नाकाशी समोरून येणारी हवा पकडून ती नळीने पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्कपर्यंत नेण्याच्या व्यवस्थेला ब्रेक डक्ट म्हणतात. दिसायला हे काम सोपे आहे आणि कोल्हापुरात तर पत्रा कापणारा, आर्गन वेल्डिंग करणारा आणि लेथवर हवी ती रिंग कातून देणारा माणूस उद्यमनगरच्या एकाच गल्लीत सापडतो. म्हणूनच येथे हे काम घाईने होते आणि बऱ्याचदा उलट्या क्रमाने होते, म्हणजे बंपरला आधी भोक पडते आणि हवा नेमकी कोठे न्यायची याचा विचार नंतर सुरू होतो. प्रत्यक्षात कामाचा आरंभ चाकाच्या आतून, डिस्कच्या मध्यापासून करावा आणि तेथून मागे येत येत बंपरपर्यंत पोहोचावे. हा लेख ज्यांनी हे काम कधी केलेले नाही, परंतु ज्यांना जॅक लावून चाक आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) काढता येतो, अशांसाठी आहे.

उष्णता येते कोठून

चालकासह १३०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० किलोमीटरवर आणली, तर सुमारे ११ लाख ज्यूल इतकी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. खोलीच्या तापमानाचे साडेतीन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही उष्णता असून ती चार-पाच सेकंदांत निर्माण होते. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकते, त्यामुळे यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. बिडाची आठ किलोची एक डिस्क धरली, तर एका जोरदार ब्रेकिंगमध्ये तिचे तापमान जवळजवळ १०० अंश सेल्सिअसने वाढते. पुढच्या वळणापूर्वी हे १०० अंश हवेत सोडून देता आले तर प्रश्न नाही. परंतु सरळ रस्ता आखूड असेल आणि वळणे एकामागून एक येत असतील, तर प्रत्येक वेळी थोडी उष्णता मागे उरते आणि चार-पाच फेऱ्यांत डिस्क ५०० अंशांच्या पुढे जाते. डक्टचे काम एवढेच की, दोन ब्रेकिंगच्या मधल्या वेळात डिस्कने अधिक उष्णता टाकावी. एका ब्रेकिंगमध्ये चढणारे तापमान डक्टमुळे कमी होत नाही. ते डिस्कच्या वजनावर अवलंबून असते.

आंबा घाटात किंवा करूळ घाटात उतरताना ब्रेकचा वास येतो म्हणून डक्ट बसवावा काय, असा प्रश्न येथे हमखास निघतो. त्याचे उत्तर नाही असे आहे. १३०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ६४ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते हे खरे, परंतु घाटातला वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो आणि डक्टच्या तोंडावर हवेचा जो दाब तयार होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी १२० किलोमीटरला मिळणाऱ्या दाबाचा नववा हिस्साच ४० ला मिळतो. घाटासाठी खालचा गिअर हाच उपाय आहे आणि तो फुकट आहे. डक्टचा खरा उपयोग ट्रॅकवर होतो. कोल्हापूरजवळ मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, पण तो कार्टसाठी आहे. मोठ्या गाडीचे ब्रेक खऱ्या अर्थाने तापतात ते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर. ज्यांना तेथे जायचेच नाही, त्यांनी हा खर्च टाळला तरी काही बिघडत नाही.

कापाकापीपूर्वीची तपासणी

जुन्या गाडीत ब्रेक तापण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली बहुतेक डक्टने बरी होत नाहीत. ब्रेक नेमका कसा सुटतो हे प्रथम ओळखावे. पेडल मऊ पडून खोल जात असेल, दोन-तीनदा पंप केल्यावर परत थोडे वर येत असेल, तर ब्रेक फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत असे समजावे. पेडल घट्ट आहे, पायाला जोर लागतो आहे, तरी गाडी थांबत नाही, असे होत असेल तर पॅडची पकड गेली आहे. पहिल्या प्रकारात फ्लुइड बदलल्याशिवाय दुसरे काहीही करू नये. डॉट ४ फ्लुइडचा नव्या, कोरड्या अवस्थेतला उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, परंतु त्याने ओलावा शोषला की मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंतही खाली धरला जातो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओलाव्याची काय अवस्था असते हे सांगायला नको. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे फ्लुइड पावसाळ्यानंतर बदललेच पाहिजे. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे असते, ते यांपैकी कशातही मिसळू नये.

त्यानंतर कॅलिपर पाहावा. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकलेल्या किंवा पिस्टन अर्धवट अडकलेला असणे अगदी सामान्य आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावे. पेडल सोडल्यावरही चाक जड फिरत असेल, किंवा ब्रेक फारसा न वापरता केलेल्या साध्या फेरीनंतर एका बाजूची डिस्क दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक गरम लागत असेल, तर दोष तेथे आहे. अडकलेल्या कॅलिपरवर डक्ट बसवल्याने मूळ दोष झाकला जातो आणि तो आणखी वाढेपर्यंत लक्षात येत नाही. डिस्कवर बारीक केसासारख्या रेषा असतील तर त्या पाहून ठेवाव्यात, आणि एखादी रेषा कडेपर्यंत पोहोचली असेल तर ती डिस्क टाकून द्यावी. स्टिअरिंग थरथरते म्हणून डिस्क वाकली असे सरसकट मानू नये. पुष्कळदा ते तापलेल्या पॅडचे साहित्य डिस्कवर असमान चिकटल्यामुळे होते.

हे सर्व नीट असूनही ट्रॅकवर त्रास होत असेल, तर तापमान मोजावे. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचा तापमानदर्शक रंग मिळतो. त्यात तीन पट्टे असतात: हिरवा सुमारे ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला बदलतो. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर येईपर्यंत डिस्क बरीच थंड होते, शिवाय चकचकीत पृष्ठभागावर इन्फ्रारेड गनचा आकडा फसवा येतो, म्हणून नवख्याने गनपेक्षा या रंगावर अधिक विश्वास ठेवावा. फक्त हिरवा पट्टा बदलला असेल तर चांगले पॅड पुरेसे आहेत. नारिंगीही बदलला असेल तर ट्रॅकचे पॅड घालून पुन्हा पाहावे. तिन्ही पट्टे बदलले असतील तर डक्टचे काम हाती घ्यायला कारण आहे. हे आकडे लिहून ठेवावेत, कारण डक्ट बसवल्यानंतर त्यांच्याशीच तुलना करायची आहे.

हवा नेमकी कोठे सोडायची

या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग हा आहे. पोकळ डिस्कला दोन चकत्या असतात आणि मधल्या पोकळीत पाती असतात. डिस्क फिरते तेव्हा ती सेंट्रीफ्युगल पंपाच्या पंख्याप्रमाणे हवा मध्यातून ओढते आणि परिघाकडून बाहेर फेकते. उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांत पंपाचे इंपेलर पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा हवा द्यायची ती या पंख्याच्या डोळ्यात, म्हणजे हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) आणि डिस्कची आतली कड यांच्या मधल्या जागेत. तेथे दिलेली हवा दोन्ही चकत्यांच्या मधून जाते आणि दोन्हींना सारखी थंड करते.

नळी सैलपणे डिस्कच्या आतल्या बाजूकडे रोखून ठेवली, तर फक्त आतली चकती थंड होते आणि बाहेरची तापलेलीच राहते. दोहोंच्या प्रसरणात फरक पडून डिस्क किंचित शंकूच्या आकाराची होते, पॅड तिरपे झिजतात आणि तडे लवकर जातात. डक्ट असूनही डिस्क फुटतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. पाती वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते, आणि त्यांची अदलाबदल झाली असेल तर पंखा उलटा फिरून हवा कमी ओढतो. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने डिस्क बदललेल्या असतील तर एवढे तपासून घ्यावे. ज्या गाडीच्या पुढच्या डिस्क भरीव आहेत तिला डोळाच नसतो. तेथे हवा दोन्ही बाजूंना विभागून द्यावी लागते आणि लाभ थोडाच होतो, त्यामुळे अशा गाडीवर मी तरी डक्टपेक्षा पॅडवर पैसे घालीन.

गाडीला पुढची चाके ओढतात की मागची, यानेही फरक पडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये पुढचे हब मागून मोकळे असते आणि हवेला भरपूर जागा मिळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याच जागेतून ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचे रबरी बूट जातात, त्यामुळे तोंड अरुंद करून शाफ्टच्या पुढच्या बाजूला बसवावे लागते.

पाठीचा पत्रा

डिस्कच्या आतल्या बाजूस धुळीपासून वाचवणारा पातळ पत्रा असतो. हवा डोळ्यात सोडण्यासाठी या पत्र्याच्या जागी नवा पत्रा करणे हा उत्तम मार्ग होय. गाडी पक्क्या जमिनीवर, स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. चाक आणि कॅलिपर काढावा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने स्प्रिंगला टांगून ठेवावा. डिस्क काढल्यावर मूळ पत्रा दिसतो, तो बहुधा तीन-चार स्क्रूंवर असतो. हे स्क्रू वर्षानुवर्षांच्या गंजाने घट्ट झालेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

मूळ पत्रा काढून जपून ठेवावा आणि त्यावरून जाड पुठ्ठ्याचा फर्मा काढावा. पुठ्ठा हबवर चढवून, डिस्क पुन्हा लावून, कॅलिपर बसवून पाहावे. डिस्क आणि पत्रा यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. हबभोवती मात्र पत्रा जितका जवळ नेता येईल तितका न्यावा, कारण तेथून निसटणारी हवा डिस्कच्या पोकळीत जात नाही. फर्म्यावर हवेचे भोक आखताना ते हब आणि डिस्कची आतली कड यांच्या मध्येच, काजूच्या आकारात येते. त्याचे क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळापेक्षा कमी ठेवू नये. ३ इंची नळीचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरते, तर अडीच इंची नळीचे ३१ ते ३२. फर्म्यावर चौकटीचा कागद ठेवून घरे मोजली तरी एवढा हिशेब घरी होतो.

फर्मा पक्का झाल्यावर तो लेझर कटिंगला द्यावा किंवा पत्र्याच्या कारागिराकडून कापून घ्यावा. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे अॅल्युमिनियम पुरे आहे. उद्यमनगरातला कारागीर मनापासून काम करतो, पण त्याला मोकळीक दिली तर तो तीन मिलिमीटरच्या स्टेनलेसमध्ये आयुष्यभर टिकेल असा वजनदार नमुना करून देतो. चाकाबरोबर वर-खाली होणारे वजन स्प्रिंगवरच्या वजनापेक्षा गाडीच्या पकडीला अधिक मारक असते, म्हणून तेथे प्रत्येक १०० ग्रॅमचा हट्ट धरावा. काजूच्या आकाराच्या भोकापासून गोल नळीपर्यंत जाणारे तोंड पातळ पत्र्यातून वळवून आर्गनने जोडावे. गोल टोकाला बाहेरून बारीक उठावदार कड काढून घेतली, तर नळी क्लॅम्पमधून निसटत नाही. आतून वेल्डिंगचे खडबडीत थर राहिले असतील तर कानशीने घासून सारखे करावेत.

मूळ पत्रा फक्त धूळच अडवत नाही, तर डिस्कची उष्णता बॉल जॉइंटच्या (सस्पेन्शनच्या गोल फिरत्या सांध्याच्या) रबरी बुटावर आणि एबीएसच्या सेन्सरवर पडू देत नाही. काही जण तो पत्रा सरळ कापून फेकतात. तसे केल्याने हवा खेळते हे खरे, पण काही महिन्यांत बॉल जॉइंटचा बूट कडक होऊन फाटतो. नव्या पत्र्यात निदान बॉल जॉइंटच्या समोरचा भाग झाकलेला ठेवावा आणि सेन्सरची वायर डिस्कपासून लांब, मूळ क्लिपमध्येच राहील असे पाहावे.

इतकी खटपट नको असेल तर एक मधला मार्ग आहे. पोर्शने आपल्या काही गाड्यांत खालच्या कंट्रोल आर्मवर (चाकाकडचा भाग गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर) प्लास्टिकची पन्हळ बसवलेली असते. गाडीखालून वाहणारी हवा ती वळवून ब्रेककडे नेते आणि नळी लागतच नाही. ९८६ पिढीच्या बॉक्स्टरवर आणि ९९६ पिढीच्या ९११ वर, ९९६ जीटी३ ची मोठी पन्हळ लावण्याची पद्धत जगभर रूढ आहे. या दोन्ही गाड्यांत पुढच्या कोपऱ्यांतल्या तोंडांमागे रेडिएटर असल्यामुळे तेथून हवा काढून घेणे शहाणपणाचे नसते, म्हणून त्यांना हा मार्ग विशेष सोयीचा. नळीइतकी हवा यातून मिळत नाही, परंतु काम तासाभराचे असते आणि बंपरला हात लागत नाही. दुसऱ्या मॉडेलवर अशी पन्हळ बसवायची तर कंट्रोल आर्मचा आकार जुळतो का आणि चाक पूर्ण वळल्यावर टायर तिला घासतो का, हे पाहावे लागते.

नळी आणि तिचा मार्ग

नळी सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाची, आत पोलादी तारेचे वेटोळे असलेली घ्यावी. अशी नळी अडीचशे अंशांच्या पुढेही टिकते. निओप्रीनची नळी स्वस्त असते, पण तिची मर्यादा दीडशे अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ती बंपरकडच्या थंड टोकाला चालेल, डिस्ककडे चालणार नाही. धूळ ओढण्याच्या यंत्राची पीव्हीसी नळी दिसायला तशीच असली तरी ती वितळून डिस्कवर चिकटते. कारखान्यांना औद्योगिक होज पुरवणाऱ्या दुकानांत विचारले, तर सिलिकॉनची नळी मीटरवर मिळू शकते. घेण्यापूर्वी मार्गावर दोरी टाकून लांबी मोजावी आणि थोडी जास्त घ्यावी.

व्यास जमेल तितका मोठा, परंतु पूर्ण मार्गावर टिकवता येईल एवढाच घ्यावा. ४ इंची नळी निवडून ती चाकाजवळ दाबून चपटी करण्यापेक्षा ३ इंची नळी गोल राहिलेली बरी. अडीच इंचापेक्षा ३ इंचात जवळजवळ ४४ टक्के अधिक क्षेत्रफळ मिळते, म्हणून जागा असेल तर ३ इंचाचा आग्रह धरावा. नळी ताणून बसवावी, कारण सैल नळीच्या आतल्या वळ्या हवेला अडवतात. काटकोनात वळवू नये. एका मोठ्या वळणाने जेवढे नुकसान होते, त्याहून दोन तीव्र वळणांनी बरेच अधिक होते.

मार्ग ठरवताना चाकाची हालचाल ध्यानात ठेवावी लागते आणि येथे घाई केल्यास पहिल्याच खड्ड्यात नळी फाटते. चाक वर-खाली होते, शिवाय दोन्हीकडे वळते. नळी खालच्या कंट्रोल आर्मच्या आतल्या सांध्याजवळून नेली आणि तेथून आर्मच्या कडेने चाकाकडे आणली, तर हालचाल सर्वांत कमी पडते. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीने ती आर्मला बांधावी, कारण प्लास्टिकची झिपटाय उष्णतेने ठिसूळ होऊन तुटते. त्यानंतर चाक चढवून, आर्मखाली दुसरा जॅक लावून सस्पेन्शन हळूहळू पूर्ण दाबले जाईपर्यंत वर उचलावे. या अवस्थेत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. चाक पूर्ण खाली लोंबकळत असतानाही तेच करावे. टायरची आतली कड, रिमचा आतला भाग, अँटी-रोल बारचा लिंक आणि विशेषतः ब्रेकची रबरी नळी, यांपैकी कशालाही डक्ट शिवता कामा नये. ब्रेकच्या रबरी नळीवर घासणारा डक्ट हा संपूर्ण कामातला सर्वांत गंभीर धोका आहे. मूळच्यापेक्षा रुंद टायर लावलेले असतील तर घासण्याची शक्यता आणखी वाढते. अशा वेळी चाकाजवळच्या शेवटच्या भागात नळी जराशी लंबगोल करावी किंवा स्टिअरिंगची शेवटची थोडी फिरकी रोखणारा स्टॉप लावावा. दुसरा उपाय फक्त ट्रॅकच्या गाडीला, कारण राजारामपुरीच्या गल्लीत गाडी वळवताना तो जड जातो.

फेंडर लायनरमधून, म्हणजे चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या अस्तरातून, नळी नेण्यासाठी भोक पाडावे लागले तर त्याच्या कडेला रबराची गादी बसवावी. कापलेल्या प्लास्टिकची कड दिसते त्यापेक्षा धारदार असते.

बंपरचे तोंड

आता बंपरकडे यावे. हवेचे तोंड तेथेच घ्यावे जेथे हवा येऊन आदळते, म्हणजे बंपरच्या समोरच्या भागात, शक्यतो खालच्या अर्ध्यात. बंपर कोपऱ्याकडे वळायला लागतो तेथे हवेचा वेग वाढून दाब उतरतो आणि तेथले तोंड नावापुरते राहते. फॉग लॅम्पची जागा समोर असेल तर ती उत्तम, कारण एक दिवा काढून त्याच आकाराची फनेल बसवता येते आणि बंपर कापावा लागत नाही. अनेक बंपरांवर कारखान्यातूनच हवेच्या तोंडासारखे दिसणारे खोल भाग असतात, जे मागून बंद असतात. त्यांतला एखादा मागून उघडता आला तर काम स्वच्छ होते. रेडिएटरच्या किंवा ऑइल कूलरच्या समोरचे तोंड मात्र वाटून घेऊ नये. ब्रेक थंड करताना इंजिन तापवून ठेवण्यात अर्थ नाही.

फनेलचे पुढचे तोंड नळीच्या क्षेत्रफळाइतके किंवा जरासे मोठे असावे. त्याहून फार मोठे केल्याने जास्त हवा आत जात नाही, बाहेरूनच वळून निघून जाते. फनेलच्या तोंडाच्या कडा गोलसर ठेवाव्यात आणि आतला उतार हळूहळू अरुंद होत जावा. समोर सहा-आठ मिलिमीटर घरांची जाळी लावावी. बारीक मच्छरदाणीसारखी जाळी देखणी दिसते, पण हवा अडवते आणि आपल्या रस्त्यांवर चार दिवसांत चिखलाने बंद होते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेले पाचट महामार्गावर उडत असते. त्या दिवसांत जाळी दर आठवड्याला पाहावी.

बंपर कापण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे. डक्टमुळे त्यातला कोणताही तपशील बदलत नाही, तरीही विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणे हिताचे असते. आणि गाडी एखाद्या स्पर्धेत उतरवायची असेल, तर त्या गटाच्या नियमपुस्तिकेत डक्टला परवानगी आहे काय हे आधी वाचावे. काही गटांत कारखान्याने दिलेल्या भोकांखेरीज एकही नवे भोक चालत नाही.

पावसाळा आणि झाकणे

उघडा डक्ट हवेबरोबर पाणी, वाळू आणि चिखलही डिस्कवर आणतो. तापलेल्या बिडावर अचानक पाणी पडले तर त्याला तडे जातात, हे फाउंड्रीच्या या शहरात कोणीही सांगेल. म्हणून फनेलवर बसणारी दोन झाकणे आरंभीच करून घ्यावीत. जाड प्लास्टिकची, दोन स्क्रूंवर बसणारी पुरतात. शहरात, महामार्गावरच्या साध्या प्रवासात आणि संपूर्ण पावसाळ्यात झाकणे लावलेलीच असावीत. यामागे आणखी एक कारण आहे. ट्रॅकच्या पॅडना पकडीसाठी थोडी उष्णता लागते आणि अति थंड डिस्कवर ते पहिल्या वळणाला नीट धरत नाहीत. थंडीतल्या सकाळी ट्रॅकवरही पहिल्या दोन फेऱ्या याच कारणाने जपून कराव्यात, आणि तापमान फार खाली राहत असेल तर झाकणाला मधोमध लहान भोक पाडून हवा अर्धी करता येते.

बसवल्यानंतर

डक्ट नेहमी दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच लांबीचा आणि शक्य तितक्या सारख्या वळणांचा बसवावा. एकाच बाजूची डिस्क थंड राहिली तर जोरदार ब्रेकिंगमध्ये गाडी एका बाजूला ओढू शकते. बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे घट्ट करावेत. सुरुवातीला शहराजवळ वीस-तीस किलोमीटर साधी गाडी चालवून पुन्हा जॅकवर घ्यावी आणि नळीवर कोठे चमकलेली, घासलेली जागा दिसते काय हे टॉर्च घेऊन पाहावे. नळीवर खडूची भुकटी चोळून ठेवली असेल तर शिवणारी जागा लगेच कळते. पुणे–बेंगळुरू महामार्गावर वेग वाढवून ब्रेक तपासण्याचा मोह टाळावा. ती तपासणी ट्रॅकवरच करायची आहे.

ट्रॅकवर पूर्वीचेच पॅड, तेच फ्लुइड आणि तितक्याच फेऱ्या ठेवून नवा तापमानदर्शक रंग लावावा. पूर्वी तिन्ही पट्टे बदलत होते आणि आता लाल जसाच्या तसा राहिला, तर काम झाले. काहीच फरक पडला नाही तर प्रथम हबजवळची फट पाहावी, त्यानंतर नळीतली वळणे, आणि शेवटी बंपरचे तोंड. दोष बहुधा याच क्रमाने सापडतो. गाडी उभी असताना डक्टमधून हवा वाहत नाही हेही विसरू नये. जोरदार फेऱ्यांनंतर एक पूर्ण फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता फिरावे आणि पिटमध्ये थांबल्यावर पेडल दाबून धरू नये, कारण तापलेला पॅड एकाच जागी चिकटून डिस्कवर छाप सोडतो. गाडी सपाटीवर गिअरमध्ये, चाकांना उट्या लावून उभी करावी.

पुढे दर वेळी पॅड बदलताना पाठीच्या पत्र्याचे स्क्रू, वेल्डिंगच्या कडा आणि नळीचे क्लॅम्प पाहावेत. सुटलेला पत्रा डिस्कला घासू लागला की पातळ पत्र्याची किणकिण ऐकू येते. तो आवाज आला तर गाडी तेथेच थांबवावी. नळीचे कापड उसवून तार उघडी पडली असेल, तर तेवढा तुकडा कापून जोडत बसू नये, संपूर्ण नळी बदलावी. मूळचे पत्रे, फॉग लॅम्प आणि त्यांचे स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत घालून ठेवावेत. जुन्या गाडीचे असे सुटे भाग पुन्हा मिळणे कठीण असते, आणि गाडी विकायला काढली की घेणारा हमखास तेच मागतो.